बोऱ्यावरचं नाव

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आणि मला माझं काम येतं, हेही सांगून टाकते. पहिली गोष्ट ऐकली की आमच्या ऑफिसातले लोक माना डोलवायचे, दुसरी ऐकली की गप्प व्हायचे. बाईमाणसानं स्वतःच्या कामाबद्दल बोलताना थोडं अडखळावं, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी अडखळले नाही. जिल्ह्यातल्या तीसेक केंद्रांवर धान मोजून घेणाऱ्या एका संस्थेसाठी मी एकटीनं अख्खं वेब ॲप्लिकेशन लिहिलं होतं. शेतकऱ्याचं नाव, सातबाऱ्याचा नंबर, धानाचा ओलावा, पोती, वजन, हे सगळं केंद्रावरच्या ऑपरेटरनं ब्राउझरमध्ये भरायचं आणि ते गोंदियातल्या आमच्या सर्व्हरवर जमा व्हायचं. त्याआधी सगळा कारभार कार्बन लावलेल्या पावत्यांवर चालायचा. पावत्या भिजायच्या, हरवायच्या, उंदीर खायचे. ते मी बंद केलं, याचा मला तेव्हा अभिमान होता आणि आजही आहे.

ही दोन हजार बारा-तेराच्या सुमाराची गोष्ट. दिवाळी झाली, धान मळून केंद्रांवर यायला लागलं, आणि माझं ॲप्लिकेशन पहिल्यांदाच भर हंगामात चाललं. म्हणजे रोज सकाळी साडेदहापर्यंत चाललं.

साडेदहानंतर ते दमायचं. दोन सेकंदांत उघडणारं पान दहा सेकंद घ्यायचं, मग तीस. अकरा वाजता पडद्यावर गोल चकती नुसती फिरत राहायची आणि शेवटी लाल अक्षरांत निरोप यायचा, की डेटाबेसची जोडणी मिळाली नाही. लगेच फोन सुरू. "मॅडम, मशीन नुसती फिरून राहिली." "मॅडम, बंद पडली का जी?" मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की तासभर सगळं झकास. मग पुन्हा तेच. संध्याकाळी पाचनंतर मात्र काही न करता आपोआप बरं व्हायचं. तोवर केंद्रांसमोर बैलबंड्या आणि ट्रॅक्टर उभे, धान उघड्यावर, आणि लोक माझ्या नावानं काय काय बोलत असतील ते मला गोंदियात बसूनही ऐकू यायचं.

मी आधी नेटला दोष दिला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मला माहीत होती, पण ती आपल्याला लागू पडते असं कुणालाच वाटत नाही. केंद्रांवर डोंगलवर काम चालायचं, रेंज कधी असायची कधी नसायची, त्यामुळे नेटवर ढकलायला सोपं होतं. पण नेट फक्त साडेदहाला कसं दमेल आणि पाचला कसं ताजंतवानं होईल? दोन दिवसांत मला ते सोडून द्यावं लागलं.

मग मी डेटाबेसच्या कनेक्शन पूलकडे वळले. हा पूल म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

एकोणीसशे नव्याण्णव साली मी सौंदडहून रोज सकाळच्या गाडीनं गोंदियाला संगणकाच्या क्लासला यायचे. वडील रेल्वेत गँगमन, त्यामुळे गाडीच्या तिकिटाचं काही नव्हतं, पण स्टेशनापासून क्लास लांब होता. स्टेशनाबाहेर एका म्हाताऱ्याचं किरायाच्या सायकलींचं दुकान होतं. त्याच्याकडे मोजून बारा सायकली. ज्याला लागेल त्यानं न्यायची, काम झालं की आणून लावायची, मग दुसऱ्यानं न्यायची. मी सकाळी सायकल न्यायचे, क्लासबाहेर लावायचे, दोन तास शिकायचे आणि त्याच सायकलीनं परत यायचे. एक दिवस म्हातारा पायी पायी क्लासवर आला. सगळ्यांसमोर मला म्हणाला, "बेटी, साइकिल चलाने को लेते हैं, बाहर खड़ी करने को नहीं." मी तेव्हाही तापटच होते. म्हणाले, "माझा किराया चालू आहे ना?" तो म्हणाला, "तेरा किराया चालू है, पर मेरी साइकिल तो बंद है. वहाँ चार आदमी खड़े हैं." मला त्याचा इतका राग आला, की पुढचे दोन महिने मी पायी गेले.

डेटाबेसचा पूल म्हणजे तेच दुकान. डेटाबेसशी नवी जोडणी उघडायला वेळ लागतो, म्हणून काही जोडण्या आधीच उघडून तयार ठेवायच्या. ॲप्लिकेशनला काही वाचायचं-लिहायचं असलं की एक उचलायची, काम झालं की परत लावायची. काम मिलिसेकंदांचं असतं, त्यामुळे वीस जोडण्यांवर शेकडो माणसं आरामात चालतात. मी वीस ठेवल्या होत्या. पूलची अवस्था दाखवणारं एक छोटं पान मी लिहिलं आणि सकाळपासून त्याच्यासमोर बसले. नऊला वापरात चार. दहाला अकरा. साडेदहाला अठरा. अकराला वापरात वीस, रिकाम्या शून्य, रांगेत एकतीस.

मी विसाच्या पन्नास केल्या. त्यानं एवढंच झालं, की अकराचं दुखणं एक वाजता सुरू व्हायला लागलं.

मग मी डेटाबेसच्या बाजूनं पाहिलं आणि चक्रावले. डेटाबेसवर काहीच ताण नव्हता. तो बिचारा हातावर हात ठेवून बसला होता. पन्नास जोडण्या बाहेर गेलेल्या, आणि त्यांतल्या अठ्ठेचाळीस झोपलेल्या. कुणीतरी उचलल्या होत्या, पण कुणी काही करत नव्हतं. कुणाच्या हातात आहेत, हे काढायला मला अर्धा तास लागला. यादीत सगळ्यात वर सालेकशाकडच्या एका केंद्राचं नाव. तिथल्या ऑपरेटरनं एकाच वेळी आठ फॉर्म उघडून ठेवले होते आणि तासभर एकही भरला नव्हता.

मला आनंद झाला. खरंच झाला, खोटं कशाला बोलू? दुखणं सापडलं होतं आणि ते माझं नव्हतं. ऑपरेटरांसाठी मी लिहिलेल्या पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं, एका वेळी एकच फॉर्म उघडा. मी एक पानी अहवाल लिहिला. सूचना देऊनही सदर केंद्रावरील ऑपरेटर अनेक फॉर्म उघडे ठेवतात, त्यामुळे संपूर्ण जिल्ह्याचं काम अडतं, वगैरे. खाली झोकात सही केली आणि तो संस्थेच्या व्यवस्थापकांना नेऊन दिला.

व्यवस्थापक साहेब गोंदियातच वाढलेले, मराठी समजायचे पण रागवायचे हिंदीत. आठ दिवसांपासून त्यांना वरून फोन येत होते आणि त्यांना कुणीतरी एक माणूस हवा होता. अहवाल वाचून ते म्हणाले, "बस, मिल गया. सोमवार की मीटिंग में इसको हटाते हैं. कंत्राट पर ही तो है." काढून टाका असं मी लिहिलं नव्हतं, पण काढू नका असंही म्हणाले नाही. तो बुधवार होता.

गुरुवारी गंमत झाली. त्या केंद्राचं ओलावा मोजायचं यंत्र बिघडलं, म्हणून केंद्र दिवसभर बंद होतं. तिथली ऑपरेटर बाई कामावर नव्हती. तिचा एकही फॉर्म उघडा नव्हता. आणि तरी दुपारी दोन वाजता पूल भरला आणि चकत्या फिरायला लागल्या.

मी पुन्हा यादी काढली. या वेळी वरपासून खालपर्यंत सगळी वाचली, जे मी बुधवारी करायला हवं होतं. तीसही केंद्रांवर उघडे फॉर्म होते. कुठे दोन, कुठे तीन, कुठे पाच. त्या बाईचे फक्त सगळ्यात जास्त होते. आता तीस माणसं एकमेकांना न विचारता एकच चूक करत असतील तर तिला चूक म्हणत नाहीत. काहीतरी कारण असतं, आणि ते मला गोंदियात बसून दिसत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारा कागद मी स्वतःच्या हातानं लिहून दिला होता, आणि सोमवार चार दिवसांवर होता.

शनिवारी सकाळच्या पॅसेंजरनं मी सालेकशाला गेले आणि तिथून एका ट्रॅक्टरवर बसून केंद्रावर. कुणालाच कळवलं नव्हतं. केंद्र म्हणजे एक जुनं गोदाम, समोर अंगण, अंगणात काटा. खिडकीपाशी टेबल, टेबलावर संगणक. डोंगलला रेंज मिळावी म्हणून ते दोऱ्यानं खिडकीच्या गजाला उंच बांधलेलं. ऑपरेटर तिशीची असेल, साडीवर स्वेटर, डोक्याला रुमाल. उन्हाळ्यात आईबरोबर मोहफुलं वेचायची, तेंदूपत्ता तोडायची, त्या पैशातून संगणक शिकली होती, हे मला तिनंच नंतर सांगितलं. मी कोण ते सांगितल्यावर ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग उठून तिनं मला स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः उपडं केलेल्या घमेल्यावर बसली.

"तुम्हाला माहीतच असेल, मशीन अडकून राहिली," मी म्हणाले. "मला फक्त तुमचं काम बघायचं आहे."

"पाहा ना जी," ती म्हणाली. "चहा घेता?"

मी चहा घेतला. तिच्या कीबोर्डखाली चार घड्या घातलेला एक कागद होता आणि त्यामुळे कीबोर्ड डुगडुगत होता. मला असल्या गोष्टी सहन होत नाहीत. मी म्हणाले, "तो कागद काढा की, टायपिंगला त्रास होतो." ती म्हणाली, "राहू द्या जी." मी आणखी एकदा म्हणाले, तिनं पुन्हा तेच सांगितलं.

साडेआठ वाजता पहिली बंडी आली. धोतर नेसलेला एक म्हातारा उतरून थेट खिडकीपाशी आला. "बाई, चढव माझा नाव मशीनमंधी." तिनं फॉर्म उघडला, नाव आणलं आणि पडद्याचं तोंड फिरवून त्याला दाखवलं. "पाहा बाबाजी, चढला." म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून पाहिलं, मान हलवली आणि निवांत पळसाच्या झाडाखाली जाऊन बसला. मग दुसरा आला, तिसरा आला. प्रत्येकाचा फॉर्म उघडायचा, पडदा फिरवायचा, उघडाच ठेवायचा. नऊ वाजता सहा फॉर्म उघडे होते आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

"ताई, चौदाव्या पानावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचलं नाही का?"

"वाचला जी," ती म्हणाली. "पण त्या पानावर शेतकरी नाही."

ती हळूहळू सांगत गेली. आधी कागदाचे नंबर देत होते. कागदावरून रोज भांडणं. कुणी म्हणायचं माझा कागद बदलला, कुणी म्हणायचं साहेबांच्या माणसाला आधी घेतलं. "कागदाचा नंबर कोणी मानत नाही जी. मशीनमंधी नाव दिसला का मानतेत. मंग भांडण नाही, आवाज नाही. सगळ्याच सेंटरवर असाच करतेत."

पहिल्या म्हाताऱ्याच्या फॉर्मवर मी घड्याळ लावलं. ओलावा मोजला, जास्त निघाला, धान पुन्हा उन्हात पसरलं. मग हमाल न्याहारीला गेले. मग काटा. मग पोती शिवायची. मग वजन भरून तिनं सेव्हचं बटण दाबलं. उघडल्यापासून दोन तास वीस मिनिटं.

आता माझ्या बाजूचं सांगते. एकाच शेतकऱ्याची नोंद दोन केंद्रांवर होऊ नये, अशी साहेबांची अट होती. त्यासाठी मी युक्ती केली होती. फॉर्म उघडला की डेटाबेसमधल्या त्या शेतकऱ्याच्या ओळीला कुलूप लावायचं, आणि सेव्ह होईपर्यंत ती जोडणी हातातच धरून ठेवायची, म्हणजे कुलूप टिकतं. या युक्तीवर मी भलतीच खूश होते. गोंदियात पंख्याखाली बसून मी शंभर वेळा ती तपासली होती. खोटं नाव, खोटं वजन, टकटक टाइप, सेव्ह. दोन मिनिटं लागायची. धान मोजायला किती वेळ लागतो, हे मी धानाच्या जिल्ह्यात जन्मून कुणालाच विचारलं नव्हतं.

तरी कुलूप तर हवंच होतं, आणि कुलूप हवं तर जोडणी धरायलाच हवी, असं माझ्या डोक्यात घट्ट बसलेलं. मग करायचं काय? हजार जोडण्या उघडायच्या? बाराच्या सुमारास मी खिडकीतून बाहेर बघत यावर डोकं खात होते. रस्त्यानं बायका चालल्या होत्या, प्रत्येकीच्या काखेत गुंडाळलेलं पोतं.

"आज मंडई हाय जी," ती म्हणाली. "नाटक हाय राती. जागा धराले चालल्या." जेवणाच्या सुट्टीत तिलाही स्वतःची जागा बघायला जायचं होतं, म्हणून मी तिच्याबरोबर गेले.

मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, गावोगावी भरते, आणि तिच्यात रात्रभर नाटक असतं. मी लहानपणी सौंदडला किती पाहिलीत. पण भर दुपारी रिकाम्या मांडवात उभं राहायची वेळ कित्येक वर्षांत आली नव्हती. समोर पडदा गुंडाळलेला, आणि पडद्यापासून थेट मागच्या बांबूपर्यंत जमिनीवर पोतीच पोती अंथरलेली. आम्ही त्याला बोरा म्हणतो. बोऱ्याला बोरा लागलेला, पाय ठेवायला जागा नाही. सगळी जागा भरलेली आणि माणूस एकही नाही. फक्त एक कुत्रं मधोमध झोपलेलं.

मला हसू फुटलं. "माझा डेटाबेस अगदी असा दिसतो," मी म्हणाले.

"कसा जी?"

मी तिला सांगितलं. पन्नास जागा, सगळ्या धरलेल्या, आणि कुणीच काही करत नाही. नवा माणूस दाराशी उभा. फॉर्म उघडला की एक जोडणी त्या शेतकऱ्यासाठी अडकून पडते, धान मोजून होईपर्यंत सुटत नाही.

तिनं ते नीट ऐकून घेतलं. मग खाली वाकून समोरच्या बोऱ्याचा कोपरा उलटला. त्यावर निळ्या रंगात घरधन्याचं नाव रंगवलेलं होतं. शेजारच्या बोऱ्यावर लाल रंगात दुसरं. सगळ्याच बोऱ्यांवर होतं.

"नाव हाय ना याच्यावर," ती म्हणाली. "म्हणून कोणी हात लावत नाही. माणूस कायले बसून राहील इथं? तो तर शेतातल्या बांधीत धान कापून राहिला. तुम्ही बोऱ्यासंग माणूसबी बसवून ठेवता काऊन?"

मी तिथंच उभी राहिले. जागा धरून ठेवायला माणूस लागत नाही. नाव लागतं, आणि ते नाव सगळ्यांनी मानावं लागतं. मला तो सायकलवाला म्हातारा आठवला. तेरा किराया चालू है, पर मेरी साइकिल तो बंद है. तेरा वर्षांपूर्वी क्लाससमोर मला सगळ्यांदेखत सांगितलेली गोष्ट मी रागाच्या भरात ऐकलीच नव्हती, आणि मग तीच चूक स्वतःच्या हातानं टाइप करून तीस केंद्रांना वाटली होती.

परतताना तिला अहवालाबद्दल सांगावं, असं मनात तीनदा आलं. जीभ उचलली नाही. आयुष्यात फार कमी वेळा मी भ्याले, त्यातली ही एक वेळ. तिनं मला गाडीत खायला म्हणून पुडीत चिवडा बांधून दिला आणि मी तो घेतला.

रविवारी सकाळी ऑफिस उघडून बसले. डेटाबेसमध्ये एक छोटा तक्ता केला. फॉर्म उघडला की जोडणी घ्यायची, तक्त्यात एक ओळ लिहायची की हा शेतकरी या केंद्रावर या वेळेपासून, आणि जोडणी लगेच परत लावायची. दुसऱ्या केंद्रानं तेच नाव उघडायचा प्रयत्न केला तर ओळ बघून त्याला थांबवायचं. सेव्ह करताना पुन्हा जोडणी घ्यायची, लिहायचं, ओळ पुसायची. संध्याकाळपर्यंत सेव्ह झालं नाही तर ओळ आपोआप जाते, नाटक संपल्यावर बोरा उचलतात तशी. शिवाय पूलवर पहारा बसवला. तीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ कुणी जोडणी हातात धरली, तर कोडच्या कोणत्या ओळीनं धरली ते लिहून ठेवायचं. ऑपरेटरचं नाव नाही, माझ्या ओळीचा नंबर. तक्त्याला नाव दिलं 'बोरा'. पुढं त्या कोडवर काम करायला आलेल्या प्रत्येकानं मला विचारलं की हे काय आहे, आणि प्रत्येकाला मी मांडवाची गोष्ट सांगितली.

मग तीन संगणकांवर मिळून साठ फॉर्म उघडले आणि तसेच सोडून जेवायला गेले. परत येऊन पाहिलं तर वापरात एक. पन्नासाच्या मी पुन्हा वीस करून टाकल्या. माझी खात्री होती. वीस पुरतील असं मी आधी म्हटलं होतं, आणि वीसच पुरणार होत्या.

सोमवारी सकाळी पूलच्या पानासमोर बसले. साडेदहा, वापरात दोन. अकरा, वापरात तीन, रांगेत शून्य. साडेअकराला एका केंद्रावरून फोन आला. मी धसकून उचलला, तर पलीकडून म्हणाले, "मॅडम, मशीन आज चालू हाय ना? कोणाचाच फोन नाही आला म्हणून विचारलो."

दुपारच्या बैठकीत साहेबांनी त्या बाईबद्दलचा माझा कागद काढला, तेव्हा मी उभी राहिले. म्हणाले, चूक ऑपरेटरची नाही. चूक माझ्या कोडची आहे. त्या बाईंनी मला ती दाखवली, आणि आजपासून सगळं सुरळीत चालू आहे. त्यांना काढलंत तर जिल्ह्यातला सगळ्यात हुशार ऑपरेटर काढाल.

साहेब म्हणाले, "सॉफ्टवेअर तुम्हारा, रिपोर्ट तुम्हारी, अब गलती भी तुम्हारी?"

"हो," मी म्हणाले. "कागदावर कुणाचं नाव लिहायचंच असेल तर माझं लिहा."

माझ्याशिवाय ते ॲप्लिकेशन दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्यांनी कागद फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाले, चलो, आगे बढ़ो.

बैठक संपल्यावर मी बाहेर व्हरांड्यात येऊन तिला फोन लावला. आधी सांगितलं की मशीन बरी झाली आणि तुमच्या बोऱ्यानं झाली. ती हसली. मग सांगितलं, की तुमची तक्रार मीच केली होती, तुम्हाला आज काढणार होते, आता काढणार नाहीत.

"मले मालूम होता जी," ती म्हणाली. "नोटीस शुक्रवारीच आली. संग तुमचा रिपोर्ट जोडला होता, तुमची सहीबी होती. तुम्ही नाव सांगतला तवाच मी समजली."

मला तो डुगडुगणारा कीबोर्ड दिसला.

"मग शनिवारी बोलल्या काऊन नाही?" माझ्या तोंडून गावाकडचीच बोली निघाली.

"तुम्ही पाहाले आल्या होत्या ना जी. याच्या आंधी कोणी आला नव्हता पाहाले." मग म्हणाली, "पण एक सांगू का? तोंडी नको. लिहून पाठवा. मशीनमंधी नाही, कागदावर."

मी पाठवलं नाही, स्वतः नेलं. मंगळवारच्या पॅसेंजरनं गेले. अहवालाइतकंच एक पान, त्याच टायपातलं. चूक कोणाची होती, कशी होती आणि ती कोणी शोधली, तिच्या पूर्ण नावासकट. खाली सही. साहेबांचा शिक्का मी सकाळी त्यांच्या दारात उभं राहून घेतला होता.

तिनं ते पान दोनदा वाचलं. मग कीबोर्ड उचलला, खालचा जुना कागद काढून माझ्या हातात दिला, नव्याच्या चार घड्या घातल्या आणि त्याच जागी ठेवला. कीबोर्ड पूर्वीसारखाच डुगडुगला, मी काही म्हणाले नाही. बाहेर एक बंडी येऊन थांबली होती. तिनं फॉर्म उघडून पडद्याचं तोंड खिडकीकडं फिरवलं.

तो जुना कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. घड्यांवर विरला आहे, पण वाचता येतो. खालची माझी सही फार झोकात आली आहे.